नाव परके, वाळवण घरचे

सर्बियाच्या आलुबुखाराची ख्याती जगात पोहोचली ती बाटलीतून. २०२२ साली मोरोक्कोतल्या राबात शहरी युनेस्कोची बैठक भरली. तिच्यात आलुबुखाराची दारू गाळण्याची विद्या आणि तिच्याभोवतीच्या चालीरीती, म्हणजे सगळे ‘श्ल्यिवोवित्सा’ प्रकरण, मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत दाखल झाले. त्याआधी सर्बियाकडून घराण्याच्या रक्षक संताचा सण ‘स्लावा’ या यादीत गेला होता (२०१४), मग ‘कोलो’ हे फेर धरून करायचे नृत्य (२०१७), एकाच तारेच्या गुस्लेवर गायले जाणारे पोवाडे (२०१८) आणि झ्लाकुसा गावची हातचाकावर घडवलेली मातीची भांडी (२०२०). आपापल्या जागी हे सगळे योग्यच आहे. पण यादी वाचून झाल्यावर सर्बियन घराचे जे चित्र उभे राहते त्यात पाहुणे आहेत, वाद्य आहे, पेला आहे, भांडेही आहे. कपाटाच्या माथ्यावर कागद पसरून काही वाळत ठेवले आहे, हे मात्र दिसत नाही. ही प्रस्तावना त्या वाळत ठेवलेल्या गोडाची आहे.

त्याची दोन रूपे इथे घेतली आहेत. दक्षिण आणि आग्नेय सर्बियात आलुबुखाराचा गर आटवून, पातळ पसरून, सुकवून करतात तो पेस्तिल. कोकणातली आंबापोळी किंवा फणसपोळी आठवली की त्याचे रूप कळायला आणखी वर्णन लागत नाही. उत्तरेला, डॅन्यूबपलीकडच्या वोय्वोदिना प्रांतात, ‘दुन्या’ या फळाचा गर साखरेत आटवून साच्यात ओततात आणि दोन-तीन आठवडे सुकवतात. त्याची जी घट्ट लादी होते ती कित्निकेझ. दुन्या आपल्या बाजारात येत नाही म्हटले तरी चालेल. काश्मीरात ती पिकते. महाराष्ट्रात तिची ओळख उरली आहे ती काष्ठौषधींच्या दुकानातल्या बिहीदाण्यापुरती, म्हणजे खोकल्यावर भिजत घालतात त्या बुळबुळीत बियांपुरती. फळ सफरचंद आणि नासपती यांच्या मधले, पिवळेधमक, अंगावर करडी लव असलेले. वास असा की एक फळ खोलीला पुरते. पण कच्चे चावले तर तोंड आकसते. हे दोन गोड सर्बियाचे कशामुळे, याचे उत्तर लोक नावात शोधतात, उगमात शोधतात, कृतीत शोधतात. माझ्या मते ते वाळवणात शोधायला हवे: कोणत्या महिन्यात, कोणत्या जागी आणि कोणत्या दिवसासाठी हे गोड सुकत पडते, यात. बाकी तिन्ही ठिकाणी शोधले तर हाती दुसऱ्याच कुणाचा तरी वारसा लागतो. ते का, हे आधी पदार्थ जवळून पाहून आणि मग त्यांचा इतिहास पाहून ठरवावे.

पेस्तिलाचे काम ऑगस्ट सरता सरता सुरू होते. त्यासाठी नावाजलेला वाण पोझेगाचा: लांबट, गडद निळा, वर पांढुरकी धूळ बसल्यासारखा, आतला गर पिवळसर आणि बी बोटाने सहज सुटणारी. फळ देठाशी सुरकुतेपर्यंत झाडावर राहू देतात, कारण सुरकुती पडली म्हणजे पाणी घटले आणि गोडी वाढली. मग अंगणात चूल, चुलीवर मोठे भांडे, आणि लांब दांड्याचा लाकडी उलथा घेऊन आळीपाळीने ढवळणारी माणसे. साखर घालत नाहीत. फळाची स्वतःची साखर आणि आंबटपणा एवढ्यावरच सगळे भागते. तासांमागून तास गेले की रस्सा काळपट होतो, बुडबुडे फुटण्याऐवजी फसफसतात, आणि उलथ्याने तळाशी ओढलेली रेघ मिटायला वेळ घेऊ लागते. इथे थांबले तर तो ‘पेकमेझ’, बरणीत भरून पावाला लावायचा. पेस्तिल हवा असेल तर हाच गोळा फळीवर किंवा ताटात बोटाच्या पेरापेक्षाही पातळ पसरायचा आणि उन्हात ठेवायचा. वर फडके हवेच, नाहीतर गांधीलमाश्या अर्धा माल नेतात. वरची बाजू हाताला चिकटेनाशी झाली की पोळी उलटायची. दोन्हीकडून चामड्यासारखी लवचिक झाली की तिच्यावर अक्रोडाची भरड पसरून वळकटी करायची आणि कापायची. सुके आलुबुखार एक किलो हवे तर ताजे फळ तीन-चार किलो लागते. पेस्तिलाचा हिशेबही याच जातीचा आहे. एवढे फळ, एवढे सरपण, एवढे हात, आणि शेवटी हातात येते ती कापडी पिशवीत मावणारी वळकटी.

कित्निकेझची गोष्ट निराळी, कारण दुन्या हे फळच हट्टी. आधी फडक्याने लव पुसून काढायची. सुरी जोर लावल्याशिवाय आत शिरत नाही, म्हणून कित्येक जणी फळ आख्खेच उकडतात आणि मऊ पडल्यावर चाळणीवर घासतात; गाभ्याजवळचे वाळूसारखे कण चाळणीवर अडकून राहतात. त्या गाभ्यात आणि सालीत पेक्टिन भरपूर असते, तेव्हा जाणती बाई ते फेकत नाही, पुरचुंडीत बांधून पाण्यात उकळून त्याचा अंश घेते. मग गर तोलायचा आणि त्याच्या वजनाइतकी किंवा थोडी कमी साखर घालायची. इथे साखर चवीपुरती नाही, ती बांधणीसाठी आहे. पेक्टिनची घट्ट जाळी धरायची तर आंबटपणा लागतो आणि मिश्रणात साठ-पासष्ट टक्क्यांच्या आसपास साखर लागते. दुन्येकडे पहिल्या दोन गोष्टी आहेत, तिसरी बाहेरून आणावी लागते. शिजताना रंग बदलत जातो, फिकट पिवळ्याचा नारिंगी, नारिंगीचा विटेसारखा लाल, कारण फळातली तुरट द्रव्ये उष्णतेने रंगद्रव्यात पालटतात. ज्या तुरटपणाने कच्चे फळ तोंडात धरवत नाही, तोच शिजून रंग होतो. मिश्रण भांड्याचा तळ सोडू लागले की ते लांबट साच्यात ओततात, मध्ये अक्रोडाचे अर्धे गर बसवतात आणि दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून कागदावर ठेवतात. तिथून पुढे काम हातांचे नाही, हवेचे. दर दोन-तीन दिवसांनी लादी उलटायची एवढेच. बाहेर कोरडी पापडी, आत ओलसर गर, आणि पातळ काप उजेडात धरला तर आरपार लाल दिसणारा. एवढे जमले की कित्निकेझ झाला.

आता नकाशा पाहू. १७३९च्या बेलग्रेडच्या तहाने साव्हा आणि डॅन्यूब या नद्या ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग साम्राज्याची आणि ऑटोमन साम्राज्याची सीमा ठरल्या, आणि दक्षिणेकडच्या राज्याचे नाव बदलले तरी नदीवरची सीमा १९१८पर्यंत टिकली. ती नुसती कागदावरची रेघ नव्हती. बेलग्रेडसमोरच्या झेमुनला हाब्सबर्गांचे विलगीकरण ठाणे होते. प्लेगच्या भीतीने दक्षिणेकडून येणारी माणसे आणि माल तिथे दिवसच्या दिवस अडकवून ठेवत. नदीच्या उत्तरेला सर्ब होतेच. १६९०मध्ये कुलगुरू आर्सेनिये तिसरे चार्नोयेविच यांच्या मागोमाग हजारो कुटुंबे ऑटोमन मुलूख सोडून तिकडे गेली होती. पुढे अठराव्या शतकात त्यांच्या शेजारी जर्मन वसाहतकरी आणून बसवले गेले, हंगेरियन होतेच, स्लोवाक आणि रुमानियन होते. दक्षिणेत निश, पिरोत, व्रान्ये, लेस्कोवात्स हे जिल्हे सर्बियाला मिळाले १८७८मध्ये, बर्लिनच्या तहाने; वोय्वोदिना जोडला गेला त्यानंतर चाळीस वर्षांनी. म्हणजे पेस्तिलचा मुलूख आणि कित्निकेझचा मुलूख एका राज्यात आले त्याला अजून सव्वाशे वर्षेही झालेली नाहीत. त्याआधीची दोन साम्राज्ये या दोन गोडांत आजही वेगळी ओळखता येतात. एकात साखर नाही, दुसरा साखरेवाचून उभाच राहत नाही. एक उन्हात सुकतो, दुसरा घरात. आणि दोघांची नावे दोन वेगळ्या दरबारांतून आली आहेत.

नावांची गोष्ट म्हणजे पहिला आक्षेप. पेस्तिल हा शब्द तुर्की आहे आणि तुर्कस्तानात गुमुशहाने, कास्तामोनू या भागांत तुती-द्राक्षांचा पेस्तिल आजही प्रसिद्ध आहे. कित्निकेझ म्हणजे जर्मन ‘क्विटनकेझ’ सर्बियन जिभेवर वळलेला, अर्थ ‘दुन्येचे चीज’. हंगेरियन ‘बिर्शअल्माशायत’चाही अर्थ तोच. दुन्या हे फळाचे नावसुद्धा क्रीटमधल्या किदोनिया या प्राचीन शहराच्या नावावरून, ग्रीक-लॅटिन वाटेने आले; सर्बियनमधले ‘ग्दुन्या’ हे जुने रूप त्याची साक्ष देते. मग सर्बियन म्हणावे असे उरले काय, असे कुणी विचारले तर त्याला उडवाउडवीचे उत्तर देऊ नये. नाव परके आहे हे मान्यच. पण नाव सांगते ते पदार्थ कोणत्या रस्त्याने आला एवढेच. त्याचे घर कुठे आहे हे नाव सांगत नाही. सर्बियन भाषेच्या स्वतःच्या इतिहासात याचे चोख पुरावे आहेत. वुक काराजिच यांनी १८१८मध्ये व्हिएन्नात आपला सर्बियन शब्दकोश छापला तेव्हा तुर्की शब्दांपुढे चांदणीची खूण केली. खूण केली, पण शब्द गाळले नाहीत, कारण लोक तेच बोलत होते. आणि १८५५मध्ये नोवी सादला निघालेले पहिले छापील सर्बियन पाकपुस्तक पाहा. ते लिहिले येरोतेय द्रागानोविच या क्रुशेदोल मठातल्या साधूने, आणि हे पाककर्म जर्मन धर्तीचे आहे हे पुस्तकाच्या शीर्षकातच सांगून टाकले. ऑर्थोडॉक्स मठातला भिक्षू सर्बियन स्वयंपाकाचे पुस्तक लिहितो आणि त्यावर जर्मनाचे नाव घालायला त्याला संकोच वाटत नाही. संकोच नंतरच्या पिढ्यांनी शिकून घेतला.

मराठी वाचकाला हे पटायला फार दूर जावे लागू नये. पोर्तुगीज भाषेत दुन्येला ‘मार्मेलो’ म्हणतात आणि तिच्या घट्ट वडीला ‘मार्मेलाडा’. इंग्रजांचा मुरंबा ‘मार्मलेड’ हे नाव तिथूनच घेऊन गेला. ही वडी करण्याची सवय पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आली. तिथे दुन्या नव्हती, पण अमेरिकेतून आणलेला पेरू होता, आणि त्यातही पेक्टिन भरपूर. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या फराळात शंकरपाळीच्या आकारात कापून ठेवतात तो पेराद, म्हणजे कित्निकेझचा दूरचा चुलतभाऊ. दाल्मेशियातल्या क्रोएशियन घरांत त्याच कुळातला ‘कोतोन्याता’ आहे, व्हेनिसकडून नाव घेतलेला. स्पेनमध्ये मेम्ब्रिल्यो, फ्रान्सात ओर्लियांचा कोतिन्याक. पेरादाला कुणी पोर्तुगीज पदार्थ म्हणून परका ठरवत नाही, आणि त्याचे कारण त्याचे फळ बदलले हे नाही. गोव्यातल्या नाताळात त्याची जागा ठरून गेली हे आहे. सर्बियातही नेमके हेच घडले, फक्त तिथे फळ तेच राहिले.

ही जागा ठरवणारी गोष्ट म्हणजे ऑर्थोडॉक्स पंचांग. सर्बियन चर्च आजही जुने जुलियन पंचांग पाळते, म्हणून तिथला नाताळ येतो ७ जानेवारीला. त्याआधी चाळीस दिवसांचा उपवास, २८ नोव्हेंबर ते ६ जानेवारी. मांस नाही, दूध-लोणी-चीज नाही, अंडे नाही. ‘पोस्नो’ हा सर्बियन शब्द आपल्याकडच्या ‘उपवासाला चालते का?’ या प्रश्नाचे सरळ उत्तर आहे. दुकानातल्या डब्यांवर आणि बेकरीच्या पाट्यांवरही तो दिसतो. आता या चौकटीत गोड पदार्थ बसवून पाहा. मध्य युरोपातली केक-पेस्ट्रीची सगळी परंपरा लोणी आणि अंड्यावर उभी. ती चाळीस दिवस बाद. राहिले काय? मध, अक्रोड, गहू, आणि फळ. दुन्या ऑक्टोबरात उतरते. वास मुरावा म्हणून काही दिवस कपाटावर ओळीने मांडून ठेवतात. आतल्या कपड्यांनाही वास लागतो, हा वोय्वोदिनातल्या घरांचा जुना रिवाज. मग ती शिजते आणि पंधरा-वीस दिवस सुकते. नोव्हेंबर संपताना उपवास बसतो तेव्हा लादी कापायला तयार असते. पेस्तिल तर सप्टेंबरातच पिशवीत गेलेला असतो. ६ जानेवारीच्या रात्री, ‘बाद्न्ये वेचे’ला, घरात पेंढा अंथरतात, ओकच्या फांदीचा विधी करतात, खोलीच्या चार कोपऱ्यांत अक्रोड टाकतात आणि जेवणात उपवासाचेच पदार्थ वाढतात: मासे, पिठूळ पांढऱ्या घेवड्याचा ‘प्रेब्रानात्स’, मध, आणि सुके आलुबुखार हमखास. त्या ताटात सुक्या फळाचा गोड बसतो तो शोभेसाठी नाही. त्या दिवशी चालणारा, आधीच तयार असलेला आणि घरात आहे तेवढ्याच जिनसांतून होणारा दुसरा गोड पदार्थ फारसा नसतो, म्हणून.

यावर दुसरा आक्षेप येतो आणि तो पहिल्यापेक्षा धारदार आहे. उपवास बल्गेरियन पाळतात, रुमानियन पाळतात, ग्रीकही पाळतात. मग पंचांगाने पदार्थ सर्बियन कसा झाला? त्यातही कित्निकेझ वोय्वोदिनातले कॅथलिक हंगेरियनही करतात आणि तिथून निघून गेलेले जर्मनही करत होते. हे सगळे खरे. पण या आक्षेपाच्या पोटात एक गृहीत आहे: जे आपले ते दुसऱ्याचे असता कामा नये. जमिनीच्या सातबाऱ्याला ते लागू पडते, स्वयंपाकघराला नाही. बल्गेरियन आणि रुमानियन चर्चनी नाताळ नव्या पंचांगाने २५ डिसेंबरला नेला, तेव्हा तिथल्या सुक्या फळांचे वेळापत्रकही तेरा दिवस अलीकडे सरकले. हंगेरियन घरात तीच वडी लोण्याच्या बिस्किटांशेजारी मांडता येते, कारण तिथे लोणी बाद नाही. पदार्थ एकच, ताटे वेगळी. एका पदार्थाला चार घरे असणे ही त्याच्या मूल्यात घट नव्हे. उलट ज्या प्रांतात शेजाऱ्याशेजाऱ्यांत सूड, हकालपट्टी आणि युद्ध झाले त्या प्रांतातली ही मोजकी सामाईक मिळकत आहे, आणि १९४४नंतर जर्मन वस्ती जवळपास संपल्यावरही तिचे जर्मन नाव सर्बियन तोंडी टिकले, हे मला कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा बोलके वाटते.

माझ्या नदीच्या सिद्धांतालाही एक भोक आहे, ते इथेच दाखवलेले बरे. साखरेवाचून आटवलेला आलुबुखाराचा घट्ट पेकमेझ वोय्वोदिनातही होतो, हंगेरियन शेजाऱ्यांच्या ‘सिल्वालेक्वार’सारखाच, मोठ्या भांड्यात, रात्रभर ढवळून, आणि त्याचे तिथले सर्बियन नाव चक्क तुर्की. म्हणजे शब्दांनी आणि कढयांनी नदी ओलांडलीच होती, झेमुनच्या ठाण्याला न जुमानता. सीमा दिसते ती शेवटच्या पायरीत, फळीवर पसरून उन्हात चामड्यासारखे करण्यात आणि साच्यात ओतून सावलीत सुकवण्यात. तेव्हा हा भेद मी काटेकोर म्हणून मांडत नाही. पण तो कल्पितही नाही.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. हे गरिबीचे पदार्थ होते, फ्रीज आला, दुकाने आली, आता त्यांना वारसा म्हणणे ही शहरी हौस आहे. पेस्तिलापुरते यात तथ्य आहे; जे फळ विकले गेले नाही आणि भट्टीत गेले नाही ते वाया जाऊ नये म्हणूनच तो होता. पण कित्निकेझ गरिबीतून कसा आला असेल? फळाइतकी साखर घालणारे घर गरीब नसते. एकोणिसाव्या शतकात बीटच्या साखरेचे कारखाने हाब्सबर्ग मुलखात आधीच पसरले होते. सर्बियाच्या राज्यातला पहिला कारखाना बेलग्रेडच्या चुकारिका भागात विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर जर्मन भांडवलाने उभा राहिला. उत्तरेत साखर आधी स्वस्त झाली, दक्षिणेत उशिरा, आणि त्या अंतरात दोन गोड आपापल्या जागी पक्के बसले. गरज सरल्यावरही माणसे ते करत राहिली, म्हणजे ते निव्वळ गरजेचे नव्हते. आता उपवासाच्या मिठाईत मार्गारिन आले आहे, आणि ‘पोस्नी’ केकचे शेकडो प्रकार निघाले आहेत. व्यवहारी माणसाच्या हिशेबाने कित्निकेझ त्याच दिवशी संपायला हवा होता. तो संपला नाही. कमी झाला, हे मात्र खरे.

खुद्द फळाचे काय, हा प्रश्न मला अधिक अस्वस्थ करतो. पोझेगाचाच्या बागा दारूने संपवल्या नाहीत, ‘शार्का’ने संपवल्या. शार्का म्हणजे देवी. मावा या किडीतून पसरणारा विषाणू, बल्गेरियन शेतकऱ्यांनी दिलेल्या या नावानेच जगभर ओळखला जाणारा. पानांवर फिकट वलये उठतात, फळावर खड्डे पडतात, गर भुसभुशीत होतो आणि फळ पिकण्याआधी गळते. जे फळ देठाशी सुरकुतेपर्यंत झाडावर राहायला हवे, ते महिनाभर आधी जमिनीवर. पेस्तिलावर याहून मोठा घाव नसेल. त्यावर उतारा म्हणून अमेरिकेतला स्टॅन्ली हा वाण आला. १९४६मध्ये स्थापन झालेल्या चाचाकच्या फळसंशोधन संस्थेने १९७५मध्ये आपले वाण बाहेर काढले. त्यातल्या चाचान्स्का लेपोतित्सा आणि चाचान्स्का रोद्ना या दोघींच्या रक्तात पोझेगाचा आहे. जुन्या फळाशिवाय केलेला पेस्तिल अस्सल नव्हे, असे मानणारे आहेत. त्यांची जीभ खोटी नाही, चवीत फरक पडतोच. पण वाण हीच कसोटी धरली तर आज सर्बियात उरलेले बरेचसे आलुबुखार अस्सलपणातून बाद होतील, दारूसकट; आणि दारू तर युनेस्कोच्या यादीत आहे.

यादीचा विषय पुन्हा निघालाच आहे, तर तिच्यात गोड का नाही याबद्दल माझा अंदाज सांगतो. सर्बियात पाहुण्याला घरात पाऊल टाकताच ‘स्लात्को’ देतात: पाकातली आख्खी फळे, छोट्या काचेच्या किंवा चांदीच्या वाटीत, शेजारी चमचे आणि पाण्याचा पेला. पाहुणा एक चमचा घेतो, पाणी पितो, मग बोलणे सुरू होते. हा गोड बैठकीत येतो, त्याला प्रेक्षक आहे, परदेशी पाहुण्यांच्या आठवणींत आणि पर्यटनाच्या पत्रकांत त्यालाच जागा मिळते. दारूच्या भट्टीभोवतीही माणसे जमतात, पहिल्या धारेची चव घेतात, आणि तीही जागा बहुतेक पुरुषांची. वाळवणाला प्रेक्षक नसतो. ते आतल्या खोलीत, उंचावर, मुलांच्या हाताबाहेर, आठवडेच्या आठवडे गप्प पडून असते आणि दर दोन-तीन दिवसांनी कुणीतरी स्टूल ओढून ते उलटते. ते कुणीतरी बहुधा घरातली मोठी बाईच असते. वारशाचे अर्ज भरणाऱ्यांना विधी लागतो, समुदाय लागतो, छायाचित्र लागते. स्टुलावर चढून लादी उलटणे यातल्या कशातच बसत नाही. म्हणून पुढल्या पानांवर कृतींबरोबर दिवस, जागा आणि वाळवणाची मुदतही दिली आहे. वाचकाने कृतीवरून नजर फिरवली तरी चालेल, पण त्या नोंदी गाळू नयेत.

जागेबद्दल एक व्यावहारिक गोष्ट राहिली. बेलग्रेड किंवा नोवी सादच्या इमारतींत आता मातीची शेगडी नाही. शहराच्या उष्णता-केंद्रातून पाइपाने ऊब येते आणि तिचा हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू होऊन १५ एप्रिलला संपतो. दुन्या बाजारात येते तीही याच सुमारास. पण रेडिएटरच्या अंगावर ठेवलेली लादी फसते: वरची पापडी एका रात्रीत कडक होते, आतले पाणी कोंडून राहते आणि आठवड्यात बुरशी धरते. हवी असते ती कोरडी, मंद, फिरती हवा. ती मिळते खोलीच्या वरच्या भागात, छतापासून हातभर खाली, रेडिएटरपासून दूरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाच्या माथ्यावर.